खडे निवडलेले गुरुवार

७ फेब्रुवारी

धाकटे,

वर आधी 'प्रिय भोंगा' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू गल्लीच्या ह्या टोकाला बोललीस की त्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून मीच ते नाव ठेवलं आणि पन्नास वर्षं मिरवलं. आता डॉक्टरांनी तुझ्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकल्यावर ते नाव लिहायला हात धजेना. एवढी अक्कल मला उशिरा का होईना, आली.

फोनवर तू मला बंद करून टाकलंयस. मेसेज जातो, पण पोचत नाही. म्हणून हे पत्र. फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

तुझी लेक गेल्या महिन्यात माझ्याकडे आली होती, दोन मोठ्या पिशव्या घेऊन. दारातच म्हणाली, "मामा, आईनं कॅसेटी मागितल्यात. सगळे गुरुवार." मी तिला आत ये म्हणालो नाही. उंबऱ्यावर उभा राहिलो आणि सांगितलं, "अगं, बुरशी लागली त्यांना." ती म्हणाली, "सगळ्यांना?" मी म्हणालो, "सगळ्यांना. एकशे चारच्या एकशे चार." पोरीनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. कपाट तिथंच होतं, काचेचं, झगझगीत पुसलेलं. मग तिनं रिकाम्या पिशव्यांची घडी घातली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी तुझा मेसेज आला: 'दादा, आईच्या औषधांपेक्षा तू त्या कॅसेटींना जपलंस. त्यांना बुरशी लागणार नाही. द्यायच्या नसतील तर सरळ नाही म्हण. ह्यापुढे माझ्याकडे येऊ नकोस.'

कशाला हव्यात तेही मला ठाऊक आहे. तुला बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी सांगितलंय की तुझा जुना, स्वच्छ आवाज अर्धा तास जरी मिळाला तरी तो त्या पाटीएवढ्या यंत्रात बसवता येतो. मग तू जे टाइप करशील ते तुझ्याच आवाजात ऐकू येईल. मार्चअखेरपर्यंत आवाज द्यायचा, नाहीतर बँकेच्या फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणाऱ्या बाईचा आवाज जन्मभर वापरायचा. टीव्हीच्या वाहिनीकडे काही नाही. त्यांनी त्या काळच्या टेपा पुसून पुसून परत वापरल्या. नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तू गाण्यांच्या व्हिडिओंचा कार्यक्रम सांगायचीस आणि नऊ वर्षं मी तो घरी बसून टेप करायचो. म्हणजे तुझा आवाज असला तर माझ्याकडेच असणार. हिशेब सरळ आहे.

तर ऐक. बुरशी नाही. एकाही कॅसेटला नाही. मी खोटं बोललो.

कारण एवढंच की माझं व्हिडिओ कॅसेटींचं मशीन बिघडलंय. आतला पट्टा तुटलाय. दुरुस्तीवाला म्हणतो आठ-दहा दिवस लागतील. मशीन आलं की तुझे भाग काढून देतो. तेवढा धीर धर.

दादा

१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या लेकीनं पोस्टकार्ड टाकलं. अक्षर तिचं, पण शब्द तुझे, ते लगेच कळलं. 'कुठलाही एक गुरुवार दे. मशीन माझ्याकडे आहे.' बोंबला. तुझ्याकडे मशीन असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझं मशीन बिघडलेलं नाही. धडधाकट आहे. आता हे तिसरं काहीतरी सांगतोय असं तुला वाटेल, पण हे खरं आहे. तू त्या कॅसेटींवर नाहीस.

कशी नाहीस ते सांगतो. आम्ही चौघे गाणी जमवायचो ते तुला आठवतं. रविवारी सकाळी माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचो. भूगोलाचा मास्तर, कोपऱ्यावरचा शिंपी, मी, आणि इस्पितळातला तो लिफ्टवाला. कंपनीच्या तयार कॅसेटी बाजारात मिळायच्या, पण त्यांत गाणी कापलेली असायची. अख्खं गाणं हवं तर ते टीव्हीवरूनच धरावं लागे. बुडालेल्या पियानोचं ते गाणं आठव. कंपनीच्या कॅसेटीत पियानो पाण्यात जातो आणि संपलं. टीव्हीवर तो पुन्हा वर येतो. तो वर येतानाचा पियानो शहरात फक्त चार घरांत होता, आणि त्याचा आम्हाला काय माज होता म्हणून सांगू!

आमचा नियम एकच होता. नुसती गाणी. मधे जाहिरात नको, बातमीची पट्टी नको, निवेदन नको. ह्या सगळ्याला आमच्यात एकच शब्द होता, खडा. "ह्या कॅसेटीत दोन खडे राहिलेत की रे," असं मास्तर म्हणाला की माणूस शरमेनं लाल व्हायचा. टेप करताना बटणावर बोट ठेवून बसायचं. निवेदन सुरू झालं की दाबायचं, मशीन थांबतं. गाणं सुरू होण्याच्या आत सोडायचं, मशीन चालू. ह्याला आम्ही खडे निवडणं म्हणायचो.

कळलं ना आता? तू खडा होतीस.

दर गुरुवारी तू दिसलीस की मी बटण दाबायचो. नऊ वर्षं. आणि माझं बोट असं काही होतं की चौघांत माझ्याच कॅसेटी सर्वांत स्वच्छ. गाण्याचा पहिला ठोकासुद्धा गेलेला नाही आणि त्याआधीचा शब्दसुद्धा आलेला नाही. शिंपी म्हणायचा, "काचा घासणाऱ्याचं बोट आहे, आपलं कात्री धरणाऱ्याचं." मी फुशारून जायचो.

पोस्टकार्ड आल्यापासून मी रोज दुकान लवकर बंद करतोय आणि एकेक कॅसेट लावून दोन गाण्यांमधला सांधा शोधतोय. म्हटलं, कुठेतरी बोट चुकलं असेल. एखादं वाक्य निसटलं असेल. तीस कॅसेटी झाल्या. तू आहेस, धाकटे. प्रत्येक गाण्याच्या आधी आहेस, एखादा सेकंद. हातातली पेन्सिल टेबलावर ठेवून समोर बघतेस. तोंड मिटलेलं. मग गाणं. पुढच्या सांध्यावर दुसरी साडी, तोच सेकंद, तोंड मिटलेलं. तीस कॅसेटींत बाराशेच्या वर वेळा तू दिसलीस आणि एकदाही बोलली नाहीस.

काल संध्याकाळी मी मशीन बंद केलं आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटली असं लिहिलं तर कमीच पडेल. पोरीच्या तोंडावर बुरशी म्हणून सांगितलं ते ह्यामुळेच. तुला वाटलं दादा कंजूष आहे, कॅसेटी सोडवत नाहीत. म्हटलं, वाटू दे. कंजूष म्हणवून घेणं परवडलं.

उरलेल्या कॅसेटी बघतोय.

दादा

६ मार्च

धाकटे,

एकशे चार झाल्या. एक शब्द नाही.

तुझं उत्तर नाही, आणि ते बरोबरच आहे. पण गेल्या पत्रात मी नियमाच्या मागे लपलो, ते मला रोज टोचतंय. नियम होता हे खरं. पण मास्तरच्या आणि शिंप्याच्या कॅसेटींत खडे राहायचे. माझ्यात कधीच का राहिले नाहीत?

कारण मी आवाज बंद करून बसायचो. टीव्हीचा आवाज पार शून्यावर. मशीन आपलं आपण आवाज टेप करतं, टीव्ही मुका असला तरी बिघडत नाही. मित्रांना सांगायचो की निवेदनाच्या बडबडीनं लक्ष उडतं, बोट डोळ्यांनी चालवावं. ते 'वा वा' म्हणायचे. खरं कारण तुझा आवाज ऐकवत नव्हता. नऊ वर्षांत पहिला गुरुवार सोडला तर मी तुझा एकही कार्यक्रम ऐकलेला नाही. शुक्रवारी तू यायचीस, "कसं झालं रे दादा?" म्हणायचीस, आणि मी काच घासता घासता "झकास" म्हणायचो. तू हसायचीस. विश्वास ठेवायचीस.

वाहिनीनं ह्या कार्यक्रमासाठी आधी मला बोलावलं होतं, ते तू कधीच कुणाला सांगितलं नाहीस. शहरात गाण्यांची सर्वांत जास्त माहिती ह्याला, म्हणून. तू सोबत आलीस, माझा इस्त्रीचा शर्ट हातावर घेऊन. डोळ्यांवर दिवा आला, समोर कागद, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीन वेळा पाणी प्यायलो. तू कोपऱ्यातून हळूच पहिलं वाक्य सांगितलंस, मला आठवावं म्हणून. कॅमेऱ्यामागच्या माणसानं मान वळवली आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच बसा बघू जरा."

बसस्टॉपवर तू रडलीस. "मी नाही करणार दादा, ते तुझं आहे," म्हणालीस. तीनदा म्हणालीस. मी म्हणालो, "कर गं. मला दुकान आहे." एकदा तरी खरं बोलायला हवं होतं. मी जळत होतो. त्या दिवशी जळत होतो, आणि पुढे नऊ वर्षं जळत होतो.

तू बुधवारी यायचीस आणि उद्याच्या गाण्यांची यादी समोर ठेवायचीस. मी माहिती लिहून द्यायचो, चष्म्याचा नंबर लिहायच्या कागदामागे. पहिल्या गुरुवारी मी आवाज मोठा करून बसलो होतो. तू माझी चिठ्ठी हातात घेतलीस, हसलीस, बाजूला ठेवलीस आणि स्वतःचंच काहीतरी बोललीस. माझा एक शब्द घेतला नाहीस. मी उठलो आणि आवाज बंद केला. कानाला खडा लावला म्हण हवं तर.

तरी तू दर बुधवारी यायचीस. मला वाटायचं, मन राखायला येते, चिठ्ठ्या केराच्या टोपलीत जातात. म्हणून मग मी काय वाट्टेल ते लिहायला लागलो. पियानो पुठ्ठ्याचा आहे. ह्या नाचणारीचा डावा डोळा काचेचा आहे. मजा वाटायची. कुणी वाचणारच नाही म्हटल्यावर काय!

आता कामाचं. आमच्यातल्या लिफ्टवाल्याची गुरुवारी संध्याकाळी ड्यूटी असायची. तो मशीनला वेळ लावून जायचा आणि अख्खा तास जसाच्या तसा टेप व्हायचा. खडे, जाहिराती, सगळं. आम्ही त्याला 'टायमर' म्हणून चिडवायचो. मास्तर त्याच्या कॅसेटी हातातसुद्धा घ्यायचा नाही. एका रविवारी त्यानं मला विचारलं होतं, "ही निवेदन करते ती कोण लागते रे तुझी? हनुवटी अगदी तुझ्यासारखी." मी म्हणालो, "कोणी नाही." नंतर तो यायचा बंद झाला.

त्याचा पत्ता शोधलाय. रविवारी जातो.

दादा

१५ मार्च

धाकटे,

टायमर जिवंत आहे. गुडघे गेलेत, बाकी टुणटुणीत. इमारतीला लिफ्ट नाही आणि हा राहतो चौथ्या मजल्यावर. "आयुष्यभर लोकांना वर नेलं, आता मला कोणी नेत नाही," म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. बायकोनं चहा ठेवला. वीस वर्षांनी उगवलेल्या माणसाला काय हवंय ते त्यानं विचारलं नाही. सरळ पलंगाखालून एक खोकं ओढलं.

"हिच्यासाठी आलास ना?" म्हणाला. "बहीण आहे तुझी. मला तेव्हाच माहीत होतं."

मी खाली बघत म्हणालो, "हो. बहीण आहे."

"मग त्या दिवशी कोणी नाही का म्हणालास?"

मी रुमाल काढून कपाळ पुसलं. त्याच्या बायकोनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि त्याला म्हणाली, "अहो, पुरे. घाम फुटलाय त्यांना."

अकरा कॅसेटी उरल्यात. बाकीच्या त्यानं पुसून वापरल्या. अकरांत तेहेतीस गुरुवार आहेत, पूर्ण. अर्धा तास काय, सात-आठ तास तुझं बोलणं निघेल. परवा मी त्या घेऊन तुझ्या त्या बाईंकडे गेलो. त्यांनी दोन लावून पाहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे, पुरून उरेल." तेव्हा ती काळजी सोड. तुझा आवाज तुला मिळणार.

इथपर्यंतच सांगून थांबावं असं वाटलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, टायमरच्या घरून येताना बसमध्ये माझ्या मनात आलं की त्याची लेबलं काढून माझी लावावीत. नुसतं मनात आलं नाही. घरी येऊन एका कॅसेटीवर लावलंसुद्धा, माझ्या अक्षरात, तारखेसकट. मग ते ओलं फडकं घेऊन घासून काढलं. कोपरा अजून चिकट आहे. ती कॅसेट तिसरी.

पण जे सांगायला बसलोय ते हे नाही.

बाईंना देण्याआधी मी त्या अकरा कॅसेटी ऐकल्या. चार दिवस दुकान उघडलं नाही. आवाज लावून ऐकल्या. तू माझ्या चिठ्ठ्या वाचायचीस. पहिला गुरुवार सोडला तर बहुधा प्रत्येक गुरुवारी वाचायचीस. हसत, घोळवत, तुझ्या पद्धतीनं, पण माझंच वाक्य. माझेच शब्द. अख्खं शहर मी लिहिलेलं तुझ्या तोंडून ऐकत होतं आणि मी समोर बसून आवाज बंद करून बोट दाबत होतो. पुठ्ठ्याचा पियानोही सांगितलास. काचेचा डोळाही सांगितलास, आणि वर म्हणालीस, "माहिती पक्की आहे बरं का मंडळी, चष्मेवाल्यांकडून आलीय." धाकटे, ते ऐकून मला भडभडून आलं. तू दादाचं नाव न घेता दादाला हाक मारत होतीस.

शेवटच्या कॅसेटीवर तुझा शेवटचा गुरुवार आहे.

तू मला म्हणाली होतीस की कंटाळा आला म्हणून सोडलं. मी म्हणालो, "बरं केलंस." त्या गुरुवारी तू निळी साडी नेसली होतीस, हे मला ठाऊक आहे, कारण माझ्या कॅसेटीवर त्या साडीतले नऊ सेकंद आहेत. त्यापुढचं मी आता ऐकलं. तू म्हणालीस, "मागच्या गुरुवारी मी इथे बसून एका जिवंत माणसाला मारलं. आगगाडीच्या टपावरचं गाणं म्हणणारे ते गायक वारले, असं मी सांगितलं. ते ठणठणीत आहेत. त्यांच्या आईनं वाहिनीला फोन केला, आणि त्या रडत होत्या. चूक माझी आहे. मी खात्री करून घ्यायला हवी होती. दुसऱ्या कुणाचाही ह्यात दोष नाही."

ते मी लिहिलं होतं. 'हा गेल्या महिन्यात वारला.' एवढंच. त्या बुधवारी माझं डोकं दुखत होतं, तुझी यादी लांबलचक होती, आणि मला वाटलं, कोण वाचतंय!

पुढच्या गुरुवारी तुझ्या खुर्चीत दुसरी मुलगी होती. मी तिलाही बटण दाबून काढलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, संपलं एकदाचं. तुला कंटाळा आला नव्हता. तुला काढून टाकलं होतं. माझ्या एका ओळीपायी. आणि तू शुक्रवारी माझ्या दुकानात आलीस, स्टुलावर बसलीस आणि कंटाळा आला म्हणालीस. तेव्हा तू मला दोन थोबाडीत का मारल्या नाहीस?

त्याच शेवटच्या गुरुवारी तू आणखी एक सांगितलंस. "गाण्याआधी मी पेन्सिल खाली ठेवून एक सेकंद गप्प बसते, ते का, असं पत्रांतून बरेच जण विचारतात. माझ्या ओळखीचा एक माणूस घरी बटणावर बोट ठेवून बसलेला असतो. त्याला गाणं स्वच्छ लागतं. त्याला कळावं म्हणून. नाव सांगत नाही, चिडेल."

म्हणजे तुला माहीत होतं. तुला कापतोय हे माहीत होतं, आणि नीट कापता यावं म्हणून तू खूण करत होतीस. मी माझ्या बोटाची तारीफ ऐकत होतो. बोट कसलं! सगळं तूच करत होतीस.

तू कॅसेटी मागवल्यास तेव्हा तुला वाटलं असेल, एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यानं बटण दाबलं नसेल. एखादा गुरुवार तरी आपल्या बहिणीचा म्हणून ठेवला असेल. नाही ठेवला. एकही नाही.

क्षमा माग म्हणून कोणी सांगितलं तर मला ती मागतासुद्धा येणार नाही. कुठून सुरुवात करू?

दादा

२७ एप्रिल

धाकटे,

काल सकाळी तुझ्या दारात मी आलो होतो.

तुझ्या लेकीनं कळवलं की यंत्र तयार झालं. 'आई दिवसभर बोलतेय, जरा जास्तच,' असं लिहिलं होतं. 'ये' असं कुठे लिहिलं नव्हतं. तरी निघालो. केस कापून आलो, शर्टाला इस्त्री केली. बसमध्ये मनात वाक्यं जुळवत होतो. चार वाक्यं. पाठ केली म्हण. जिन्यात दोनदा म्हणून पाहिली, तेव्हा वरून उतरणाऱ्या एक आजीबाई थबकल्या आणि भिंतीला चिकटून गेल्या.

बेल दाबली. लेकीनं दार उघडलं. दार पूर्ण उघडं ठेवलं आणि बाजूला झाली. आतल्या खोलीत पंखा चालू होता. टाइप करताना होते तशी टिकटिक ऐकू आली. मग तू बोललीस.

"कोण आलंय?"

तोच आवाज. जसाच्या तसा. तू अठ्ठावीस वर्षांची होतीस तेव्हाचा, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मला वाटलं होतं यंत्रातून येतो म्हणजे जरा पत्र्यासारखा येईल. अजिबात नाही. 'आलंय' म्हणताना तू शेवट जरा वर नेतेस, तोसुद्धा तसाच.

लेक माझ्याकडे बघत राहिली. तिनं उत्तर दिलं नाही. मलाच द्यायचं होतं. मी तोंड उघडलं. चार वाक्यं पाठ होती ना? एकही आलं नाही. नुसता दारात उभा राहिलो, हातात चपला घेऊन. चपला का काढल्या होत्या आणि हातात का घेतल्या होत्या, देव जाणे.

परत टिकटिक. परत तू. "अगं, कोण आलंय?"

मी वळलो आणि जिना उतरलो. लेक वरून "मामा!" म्हणून ओरडली. मी थांबलो नाही. कोपऱ्यावर जाऊन चपला घातल्या. लोक बघत होते.

घरी येऊन दिवसभर बसलो. दोन शब्दांचा प्रश्न होता, दोनदा विचारलास, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. आता लिहून देतो, कारण बोलणं आपल्या दोघांत तुलाच जमतं.

मी आलो होतो. तुझा भाऊ.

हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवून जातो. उद्या अकरा वाजता परत येतो. तू परत विचार.

दादा